पाच लिटर दोनशे

"यंदाचा चषक आपलाच! लिहून ठेवा!"

थेंबरावांनी दाढीचा ब्रश हवेत फिरवत घोषणा केली. ब्रशावरचा फेस उडाला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर, नेमका पुढच्या रविवारच्या चौकोनात जाऊन बसला.

"कुठे लिहू? तारीख तर तुम्ही बुडवलीत," वहिनी म्हणाल्या आणि फडकं घेऊन आल्या.

थेंबराव हे काही त्यांचं जन्माचं नाव नव्हे. शर्यतीच्या गाड्या चालवणाऱ्या माणसाला खरं तर विजेचं, वाऱ्याचं, गेलाबाजार एखाद्या चित्त्याचं तरी टोपणनाव मिळायला हवं. यांचा ज्याच्याशी सामना होता त्या पंचविशीतल्या गड्याला सगळे 'वादळ' म्हणत. यांच्या वाट्याला मात्र थेंब आला, कारण यांची सगळी कीर्ती पेट्रोल वाचवण्यातली! आणि थेंबरावांची बायको म्हणून मेस्त्रीपासून शेजाऱ्यांपर्यंत सगळे ज्यांना वहिनी म्हणत, त्यांना आपणही वहिनीच म्हणू.

थेंबरावांच्या गटातल्या शर्यतीचा नियमच तसा होता. पन्नास फेऱ्या आणि प्रत्येक गाडीला मोजून चाळीस लिटर पेट्रोल. मध्येच भरायची सोय नाही. वर यंदापासून शर्यत संपल्यावर टाकीत निदान एक लिटर उरलंच पाहिजे, नाहीतर गाडी बाद! वादळासारखी मंडळी पहिल्या चाळीस फेऱ्या जीव खाऊन पळवायची आणि शेवटच्या दहा फेऱ्या, ओल्या फरशीवरून चालणाऱ्या पाहुण्यासारखी, जपून जपून काढायची. थेंबराव पहिल्या फेरीपासूनच जपायचे. वळण यायच्या कितीतरी आधी पाय उचलायचा, गाडी तिच्या तिच्या गतीने घरंगळू द्यायची, ब्रेक हा शत्रू समजायचा आणि सरळ रस्त्यावर पुढच्याच्या पाठीशी चिकटून वाऱ्यापासून आडोसा घ्यायचा.

"ॲक्सिलरेटरवर पाय कसा ठेवायचा, माहितीये?" ते येणाऱ्याजाणाऱ्याला शिकवायचे. "बाळ नुकतंच झोपलंय. पाळण्याला हात तर लावायचाय, पण बाळ उठता कामा नये. अस्सा!"

"आपल्या दोन्ही पोरांच्या पाळण्याला तुम्ही कितीदा हात लावलात हो?" वहिनी आतून विचारायच्या.

या कलेचे घरावर जे परिणाम झाले ते वहिनींनाच ठाऊक. उकळी यायच्या आत थेंबराव मागून येऊन गॅस बंद करायचे. "आच आहे ना अजून! उरलेल्या आचेवर होतंय!" पंधरा वर्षं त्या घरातले बटाटे मधोमध कच्चे होते. गल्लीच्या तोंडाशी उतार लागला की ते स्कूटरचं इंजिन बंद करायचे आणि फाटकापर्यंत घरंगळत यायचे. एकदा फाटक लावलेलं होतं. ब्रेक वापरणं तत्त्वात बसत नव्हतं. शेजारणीच्या चार कुंड्या गेल्या!

पण या रविवारची गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. या गटात पंचेचाळीस पूर्ण होईपर्यंतच उतरता येत असे आणि थेंबराव पुढच्याच महिन्यात पंचेचाळीस पूर्ण करणार होते. एकोणीस वर्षं गाडी चालवून चषक एकदाही घरात आला नव्हता. ही मोसमातली शेवटची शर्यत, म्हणजे त्यांचीही शेवटचीच. वादळ दोन गुणांनी पुढे होता. त्याच्या आधी रेषा ओलांडली की चषक यांचा. नाहीतर कपाटातली ती रिकामी फळी कायमची रिकामी.

शिवाय एक विक्रम होता. अठरा वर्षांपूर्वी एका चालकाने शर्यत जिंकून टाकीत चक्क तीन लिटर शिल्लक ठेवलं होतं. त्यानंतर कोणालाच ते जमलं नव्हतं. हा चालक म्हणजे गुरुजी. थेंबरावांना ही कला त्यांनीच शिकवली आणि आता ते शर्यतीचे मुख्य तपासनीस होते. तपासनीस म्हणून एवढे कडक, की त्यांनी एकदा स्वतःच्या जावयाची गाडी बाद केली होती आणि नंतर त्याच्याच घरी जेवायला गेले होते.

"चषक पण घेतो आणि गुरुजींचा विक्रम पण!" थेंबराव गालावर वस्तरा चालवत म्हणाले.

"आधी रेषेपर्यंत तर पोचा," वहिनींच्या तोंडून निसटलं आणि त्यांनी जीभ चावली.

गेल्या वर्षीचं आठवलं. शेवटची शर्यत, शेवटची फेरी, थेंबराव सगळ्यांच्या पुढे! आणि रेषा तीनशे मीटरवर असताना टाकी कोरडी. गाडी घरंगळली, घरंगळली, आणि झेंडेवाल्याच्या मिशा दिसतील इतक्या जवळ येऊन उभी राहिली. बाजूने एकामागून एक नऊ गाड्या निघून गेल्या. थेंबराव उतरून पायी आले, हेल्मेट काढलं आणि एवढंच म्हणाले, "वाटीभर हवं होतं गं." नंतर वर्षभरात त्यांनी तो विषय काढला नाही. वहिनींना मात्र स्वयंपाकघरात कुठलीही वाटी हातात घेतली की ते ऐकू यायचं.

वहिनी शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस होत्या. मोजमापाचा हात पक्का, म्हणून ट्रॅकवर फेऱ्यांची वेळ टिपायचं काम त्यांच्याकडे. दुसरे होते मेस्त्री. गाडीचं इंजिन त्यांनीच बांधलेलं. दिवसाला सात-आठ वाक्यं बोलायचे, त्यातली पाच पान्याला उद्देशून. तिसरे बाबा, म्हणजे वहिनींचे सासरे. चौतीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेले. त्यांचं सगळं शास्त्र एका वाक्यात संपत असे: "टाकी अर्धी झाली की भरायची." मुलगा चाळीस लिटरवर पन्नास फेऱ्या मारतो, ही गोष्ट त्यांना मुलगा दोरीवरून चालतो असं सांगितल्यासारखी वाटे.

रविवार उजाडला. सकाळी गुरुजींच्या देखत सगळ्यांनी मोहोरबंद डबे फोडले आणि चाळीस-चाळीस लिटर टाक्यांमध्ये ओतलं. टाकीच्या झाकणावर सहीची चिठ्ठी मात्र तासाभराने, गाड्या रांगेत लागल्यावर चिकटवायची, अशी जुनी पद्धत. मधला तास टायर नि बाकीच्या तपासणीचा. टाकीत मावायला तर पंचेचाळीस लिटर मावत होतं. पण गुरुजींची जरबच अशी, की त्या तासाचा गैरफायदा घ्यायचं आजवर कोणाच्या मनात आलं नव्हतं.

वहिनींच्या मनात ते गेले अकरा महिने होतं.

त्यांनी आदल्या दिवशी पंपावरून पेट्रोल आणलं होतं. प्रयोगशाळेतल्या नळीने मोजून, बरोब्बर एक हजार मिली, तपकिरी काचेच्या बाटलीत भरून, स्वेटरमध्ये गुंडाळून पिशवीच्या तळाशी ठेवलं होतं. 'जिंकण्यासाठी नाहीच मुळी,' त्या स्वतःला समजावत होत्या. 'जिंकतील ते त्यांच्या पायाने. हे आपलं नुसतं बंद पडू नये म्हणून! एका लिटरने काय आभाळ कोसळणार आहे?'

थेंबराव तंबूत कपडे चढवत होते. मेस्त्री चहाला म्हणून गेले. बाबा पाय मोकळे करून येतो म्हणाले. वहिनी उठल्या. झाकण हाताला सैल लागलं. नरसाळं आधीच ओलं होतं. 'मेस्त्री आताशा फार वेंधळेपणा करायला लागलेत,' असं म्हणून त्यांनी बाटली रिकामी केली, झाकण घट्ट बसवलं आणि हात धुवायला नळावर गेल्या.

नळावर बाबा कोपरापर्यंत साबण चोळत उभे.

"काय झालं बाबा?"

"काही नाही. ग्रीस लागलं."

"गाडीला हात लावलात?"

"छे छे! कठड्याला होतं!" बाबा म्हणाले. "तू काय धुतेस?"

"मी? मी पण कठड्याला धरलं होतं."

दोघांनी कठड्याच्या मालकाला यथेच्छ नावं ठेवली.

चहा पिऊन आलेल्या मेस्त्रींच्या ओठांवर चहाचा मागमूस नव्हता, पण तिकडे लक्ष द्यायला कोणाला वेळ नव्हता. थेंबराव तंबूतून बाहेर आले. शर्यतीआधी दहा मिनिटं त्यांना गाडीपाशी एकटं सोडायचं, हा त्यांचा नेम. देवघरात गेल्यासारखे सगळे मागे सरले. मग गाड्या रांगेत लागल्या, गुरुजींनी झाकणावर सही केलेली चिठ्ठी चिकटवली आणि झेंडा पडला.

पहिल्या वीस फेऱ्या थेंबराव सहावे होते. तिसाव्या फेरीला चौथे. एकेचाळिसाव्या फेरीला दुसरे. वादळ बराच पुढे होता, पण त्याची गाडी आता दम खायला लागली होती. वळणाआधी तोही पाय उचलायला लागला. उचलायला काय, कोणीही उचलेल! पण ज्याने एकोणीस वर्षं दुसरं काही केलं नाही त्याच्यासारखं कसं जमणार? अठ्ठेचाळिसाव्या फेरीत थेंबरावांनी त्याला वळणाच्या बाहेरच्या बाजूने, ब्रेकला न शिवता, भाजीवाल्याला ओलांडून जावं तसं शांतपणे ओलांडलं.

शेवटची फेरी. गाडी गेल्या वर्षीच्या त्याच जागी आली. वहिनींनी डोळे मिटले. बाबांनी मेस्त्रींचा दंड असा आवळला की त्यांच्या तोंडून त्या दिवसातलं तिसरं वाक्य बाहेर पडलं: "सोडा!"

गाडी थांबली नाही. झेंडा हलला. जिंकले!

थेंबराव उतरले ते बोलतच उतरले. "सांगितलं होतं की नाही? दोन लिटर नक्की उरलंय! दोन!" एका वार्ताहराने वही पुढे केली. "हे पायात असावं लागतं, साहेब! पळवायला काय, दगडसुद्धा पळवेल. ॲक्सिलरेटरवर ठेवला की झालं!"

तपासणीच्या तंबूत गुरुजींनी टाकीची नळी सोडली. खाली एक लिटरचं काचेचं भांडं. भरलं. टाळ्या पडल्या, नियमापुरतं झालं.

दुसरं भांडं भरलं. "म्हटलं नव्हतं?" थेंबरावांनी सगळ्यांकडे पाहिलं.

तिसरं भरलं. विक्रमाशी बरोबरी! वहिनींनी मनात वजाबाकी केली. एक आपलं गेलं तरी दोन राहतात, म्हणजे काही बिघडलं नाही, उलट हे तर फारच छान चाललंय!

चौथं भरलं. मेस्त्रींच्या कपाळावरून घाम ओघळला. बाबा छताकडे बघू लागले. आणि वहिनींच्या एक गोष्ट लक्षात आली, की थेंबरावांचं बोलणं बंद पडलंय.

पाचवं भरलं. सहाव्यात दोनशे मिली पडून धार तुटली.

"पाच लिटर दोनशे," गुरुजी खोल आवाजात म्हणाले. आणि दुसऱ्याच क्षणी त्या कडक माणसाने थेंबरावांना कवटाळलं आणि हमसून हमसून रडायला सुरुवात केली! "अठरा वर्षं रे! वाटायचं, हा विक्रम माझ्याबरोबरच जाणार! मोडलास! तोही दोन लिटरने!"

"गुरुजी, म्हणजे, तसं काही..." थेंबराव पुटपुटले.

"बघा, बघा! नम्रता बघा!"

मग जे सुरू झालं ते आवरेना. वार्ताहराने थेंबरावांच्या उजव्या बुटाचा फोटो काढला. क्लबच्या चिटणिसांना तो बूट काचेच्या कपाटात ठेवायला हवा होता. त्यांनी तो तिथल्या तिथे काढूनच घेतला. अभियांत्रिकी कॉलेजातल्या एका प्राध्यापकांनी त्या पायाच्या घोट्याचा कोन मोजायची परवानगी मागितली. वादळ स्वतः आला. आता चिडून काही बोलणार, म्हणून सगळे सरसावले, तर तो हळूच म्हणाला, "काका, मला शिकवाल? मी तुम्हाला म्हातारबा म्हणत होतो. चुकलं माझं."

वहिनींनी सांगून टाकायला एक पाऊल पुढे टाकलं. आणि तिथेच थांबल्या. चषक समोर टेबलावर होता. त्याच्यावर तंबूच्या फटीतून ऊन पडलं होतं आणि एका पायात बूट, एका पायात मोजा अशा अवस्थेत त्यांचा नवरा त्याच्याकडे बघत होता.

पण गुरुजींनी ध्वनिक्षेपक हातात घेतला. "मित्रहो! पस्तीस लिटरमध्ये शर्यत जिंकता येते, हे आज सिद्ध झालं! तेव्हा पुढच्या वर्षीपासून प्रत्येक गाडीला चाळीस नव्हे, छत्तीसच लिटर मिळेल!"

वहिनींच्या डोळ्यांपुढे बावीस गाड्या उभ्या राहिल्या. अगदी शब्दशः उभ्या! वळणावर चार, सरळ रस्त्यावर दहा, बाकीच्या रेषेच्या अलीकडे तीनशे मीटरवर. आणि बावीस बायका.

"गुरुजी," त्या म्हणाल्या, "त्यातलं एक लिटर माझं आहे."

"तुमचं कसं? अहो, संसारात बायकोचा वाटा असतोच!"

"वाटा नाही. बाटली. मी ओतलं. सकाळी."

तंबूतल्या माश्यासुद्धा थांबल्या. गुरुजी तोंड उघडणार, तेवढ्यात मागून मेस्त्री म्हणाले, "वहिनी, उगाच स्वतःवर घेऊ नका. मी ओतलं ते."

"तुम्ही कशाला, मी ओतलं! तुम्ही चहाला गेला होतात!"

"चहाला नव्हतो गेलो. गाडीच्या पलीकडे होतो. तुम्ही यायच्या आधी."

"दोघंही गप्प बसा!" बाबा कडाडले. "सूनबाई, तू चांगली आहेस, मेस्त्री, तूही भला माणूस आहेस. पण माझ्या अपराधावर तुम्ही पांघरूण घालायचं कारण नाही. ते लिटर माझं आहे!"

"अहो बाबा, माझं आहे!"

"माझं!"

शर्यतीच्या इतिहासात गुन्ह्यावर एवढी मालकी कोणी सांगितली नसेल. शेवटी तिघंही एकदमच थांबले, कारण तिघांच्याही डोक्यात तो हिशेब एकदमच उतरला. बाबा खाली बसले. ओलं नरसाळं, सैल झाकण, नळावरचा साबण... वहिनींनी कपाळावर हात मारला.

"मेस्त्री," गुरुजींचा आवाज आता पुन्हा तपासनिसाचा झाला होता, "इंजिनाने किती खाल्लं? तुमच्या यंत्रावर आकडा असेल."

मेस्त्रींनी गाडीतलं छोटं यंत्र काढून आणलं. "अडतीस लिटर तीनशे."

गुरुजींनी कागदावर आकडे मांडले. मग चष्मा काढला.

"चाळीसमधून अडतीस तीनशे गेले. एक लिटर सातशे उरलं असतं. नियमात बसत होतं." ते थेंबरावांकडे न बघता म्हणाले. "म्हणजे तू स्वतःच्या पायाने जिंकला होतास. याच लोकांनी..." त्यांनी लाल पेन काढलं. "गाडी बाद. चषक वादळाचा. छत्तीस लिटरचं मी काही बोललोच नाही असं समजा."

वादळ चषक उचलायला पुढे झाला, पण इतका ओशाळून, की जणू शेजाऱ्याच्या दोरीवरचे कपडे काढतोय. चिटणिसांनी बूट मुकाट्याने परत आणून ठेवला.

वहिनींना वाटलं होतं, नवरा ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं. थेंबराव खुर्चीवर बसून बुटाची नाडी बांधत होते, सोडत होते, पुन्हा बांधत होते.

"अहो, बोला ना काहीतरी," वहिनी म्हणाल्या. "एकोणीस वर्षं तुम्ही झिजलात आणि शेवटच्या दिवशी आम्हीच... तुमच्यावर विश्वास ठेवायला हवा होता हो आम्ही. शिव्या घाला, पण बोला!"

"चालायचंच," थेंबराव नाडीला म्हणाले.

"काय मनाचा मोठेपणा!" बाबांनी डोळे पुसले.

"थांबा," गुरुजी म्हणाले. ते अजून कागदातच होते. "हिशेब जुळत नाही. खाल्लं अडतीस तीनशे, उरलं पाच दोनशे. एकूण त्रेचाळीस पाचशे. चाळीस मी दिलं. तिघांचं एकेक, म्हणजे त्रेचाळीस. वरचं अर्धं लिटर कुठून आलं?"

"माझं मोजून हजार मिली होतं," वहिनी ताठ होऊन म्हणाल्या. "मोजण्यात मी चुकत नाही!"

"माझी लिटरचीच बाटली," बाबा म्हणाले.

"माझं तेलाचं माप. लिटरचं," मेस्त्री.

मग हळूहळू, एकामागून एक, सगळ्यांच्या माना खुर्चीकडे वळल्या. थेंबराव नाडीत इतके खोल वाकले होते की त्यांचं नाक बुटाला लागायचं बाकी होतं.

"अहो?" वहिनी म्हणाल्या.

थेंबरावांनी नाडीला आणखी एक गाठ मारली.

"अहो, तुम्हीसुद्धा?"

थेंबराव सरळ झाले. कान लाल. त्यांनी वहिनींकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं, मेस्त्रींकडे पाहिलं, आणि घसा खाकरून, चौथ्या भांड्यापासून गेलेला आवाज पुन्हा गोळा करून म्हणाले, "तुम्ही तिघांनी एकेक लिटर घातलंत. मी अर्धंच घातलं! आता तुम्हीच सांगा, माझ्यावर सगळ्यांत जास्त विश्वास कोणाचा होता?"

वहिनींनी रडायची पूर्ण तयारी केली होती. पदर डोळ्यांपर्यंत गेलाही होता. तो तोंडावर धरून त्या कशाबशा म्हणाल्या,

"तुमचाच. अर्ध्या लिटरने."